लीलाबाई राव-दयाल

नकाशावर आमच्या गावाचे नाव सिल्वासा असले तरी जुनी माणसे अजून आमलीच म्हणतात. दमणगंगेच्या काठच्या या गावी नोकरीधंद्यासाठी आलेली मराठी कुटुंबे पुष्कळ आहेत, आणि त्यांची मुले आमच्या संडेस्कूलमध्ये येतात. गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत वर्ग सुटल्यावर मुलामुलींनी अंगणात दोन खांबांना दोरी बांधली व बॅडमिंटनचा डाव मांडला. खेळता खेळता वाद निघाला तो टेनिसचा. विम्बल्डनवर सामना जिंकणारी भारताची पहिली स्त्री कोण? मुलांनी एका सुरात सानिया मिर्झाचे नाव घेतले. मोठ्या वर्गातली एक मुलगी तेवढी गप्प होती. तिने हळूच विचारले की, सानियाच्या आधी कोणीच नव्हते काय? शिक्षिकेला उत्तर देता आले नाही, आणि खरे सांगायचे तर मलाही आले नाही. पुढील रविवारपर्यंतची मुदत आम्ही मागून घेतली. त्या आठवड्यात जे वाचले ते इतर ठिकाणच्या शिक्षकांच्याही उपयोगी पडेल म्हणून येथे लिहीत आहे.

उत्तर असे की, सानियाच्या ७१ वर्षे आधी, १९३४ साली, लीला राव नावाची मुंबईची एक तरुणी विम्बल्डनवर एकेरीचा पहिल्या फेरीतला सामना जिंकली होती. पण नुसते नाव व साल सांगून भागत नाही. ही मुलगी तेथवर पोचली कशी हे समजायचे तर आधी तिच्या आजोबांची आणि आईची हकीकत सांगावी लागते. वाचकांनी थोडा धीर धरावा.

लीलाबाईंचे आजोबा म्हणजे शंकर पांडुरंग पंडित. जन्म १८४० सालचा. मूळ गाव सावंतवाडीकडचे बांबुळी. आज त्यांचे नाव फारसे कोणी घेत नाही. पण तुकारामबुवांचे अभंग ज्याने ज्याने छापील पुस्तकातून वाचले, त्या प्रत्येकावर त्यांचे ऋण आहे. १८६९ ते १८७३ या वर्षांत मुंबई सरकारच्या साहाय्याने तुकारामांच्या गाथेची जुन्या हस्तलिखितांवरून तपासलेली मोठी आवृत्ती निघाली. ती विष्णु परशुराम शास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित या दोघांनी तयार केली. रेव्ह. नारायण वामन टिळकांचा तुकारामांवर किती जीव होता हे आपल्या मंडळ्यांना सांगायला नको. गाथेशिवाय शंकररावांनी कालिदासाची नाटके संपादून छापली, वेदांचा अर्थ सर्वांना कळावा म्हणून वेदार्थयत्न नावाचे मासिक चालविले, सरकारी नोकरी केली, आणि पुढे पोरबंदर संस्थानचा कारभार पाहिला. तेथे स्वामी विवेकानंद काही काळ त्यांच्याकडे राहिले होते. अथर्ववेदाची सायणभाष्यासह मोठी आवृत्ती त्यांनी हाती घेतली होती. ती चार खंडांत बाहेर पडली, परंतु ती पाहायला ते उरले नाहीत. १८९४ साली त्यांचा अंत झाला.

मागे राहिलेल्या मुलांत क्षमा नावाची मुलगी होती. तिचा जन्म पुण्याचा, ४ जुलै १८९० चा. म्हणजे वडील गेले तेव्हा तिला चार वर्षेही पुरी झालेली नव्हती. त्याच १८९० साली पंडिता रमाबाईंनी आपले शारदासदन मुंबईहून पुण्यास आणले होते, ही गोष्ट आपल्या वाचकांना आठवेल. विधवा बाई आणि बापाविना मुलगी यांचे त्या काळच्या घरात काय स्थान असे, हे ज्यांनी रमाबाईंचे चरित्र वाचले आहे त्यांना मी वेगळे सांगावे असे नाही. क्षमाबाईंचे बालपण आईसह नातलगांच्या आश्रयाने गेले. वडिलांची विद्या त्यांना वडिलांच्या तोंडून मिळाली नाही. घरात संस्कृत होते ते पुस्तकांच्या रूपाने. ती भाषा या मुलीने आपल्या कष्टाने मिळविली, आणि वडिलांची ओळखही तिला बहुधा त्यांच्या पुस्तकांतूनच झाली असावी. कारण पुढे जवळजवळ पन्नाशीला आल्यावर, १९३९ साली, त्यांनी वडिलांचे चरित्र संस्कृत श्लोकांत लिहून प्रसिद्ध केले. त्याचे नाव शंकरजीवनाख्यान. जो बाप नीट आठवतही नाही त्याचे चरित्र लिहायला मुलीला काय काय गोळा करावे लागले असेल याचा विचार करावा.

क्षमाबाईंचा विवाह डॉ. राघवेंद्र राव यांच्याशी झाला. मुंबईतील नामांकित डॉक्टरांत यांची गणना होती. लंडनच्या पदव्या त्यांनी घेतल्या होत्या आणि रोगजंतूंच्या संशोधनातही त्यांचे नाव होते. पत्नीने घराबाहेर पडू नये, असे मानणारे ते गृहस्थ नव्हते. त्यांच्याबरोबर क्षमाबाईंनी युरोपचा प्रवास केला, तिकडच्या भाषा शिकल्या, घरी शास्त्रीबुवांजवळ संस्कृतचा अभ्यास चालू ठेवला, आणि याच काळात त्यांच्या हातात टेनिसची रॅकेट आली.

आज मुलींनी खेळावे यात कोणाला काही वाटत नाही. पण १९२० च्या सुमाराची मुंबई डोळ्यांपुढे आणा. मुलीच्या लग्नाचे वय निदान १४ तरी असावे असा कायदा, ज्याला आपण शारदा कायदा म्हणतो, तो १९२९ साली झाला आणि १९३० च्या एप्रिलपासून लागू झाला. असा कायदा करावा लागला यावरूनच त्याआधीची स्थिती कळते. जिमखान्यांच्या हिरवळीवर स्त्रिया खेळताना दिसत त्या बहुतेक युरोपियन, अँग्लो-इंडियन किंवा पारशी. अशा ठिकाणी एक हिंदू गृहिणी, एका मुलीची आई, रॅकेट घेऊन उतरली. आणि नुसती हौसेखातर उतरली नाही, तर १९२७ साली मुंबई इलाख्याच्या हार्डकोर्ट स्पर्धेत तिने स्त्रियांच्या एकेरीचे अजिंक्यपद मिळविले. तेव्हा क्षमाबाईंचे वय ३७ च्या घरात होते. इतर खेळाडू ज्या वयात रॅकेट खुंटीला टांगतात त्या वयात त्यांनी ढाल जिंकली.

हा सुखवस्तू लोकांचा खेळ होता असे कोणी म्हणेल, आणि त्यात खोटे काही नाही. डॉक्टरांचे घर सधन होते. चेंडू, रॅकेट, जिमखान्याची वर्गणी हे त्या काळी कितीजणांना परवडणार? पण सधन घरे मुंबईत पुष्कळ होती, आणि त्या घरांतल्या मुली बहुतेक गच्चीवरूनच समुद्र पाहत होत्या.

लीलाबाईंचा जन्म १९ डिसेंबर १९११ चा. म्हणजे आईने इलाख्याचे अजिंक्यपद मिळविले तेव्हा मुलगी पंधरा वर्षांची होती. एका बाजूला आईचा संस्कृत पाठ आणि दुसऱ्या बाजूला संध्याकाळचा खेळ, अशा घरात ती वाढली. ज्या वयात तिच्या बरोबरीच्या मुलींची लग्ने ठरत होती त्या वयात ती मोठमोठ्या स्पर्धांत उतरू लागली, आणि १९३१ साली, विशीच्या उंबरठ्यावर असताना, तिने अखिल भारतीय अजिंक्यपद जिंकले. देशातील टेनिसचा तो सर्वांत मोठा मान होता.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, नाही तर संडेस्कूलमध्ये चुकीचे सांगितले जाईल. विम्बल्डनवर खेळणारी पहिली भारतीय स्त्री लीला राव नव्हे. तो मान जेनी सँडिसन या अँग्लो-इंडियन खेळाडूचा. ती १९२९ साली तेथे खेळली. तेथे सामना जिंकणारी पहिली मात्र लीला राव.

तो सामना जून १९३४ च्या अखेरचा. विम्बल्डन हे लंडनचे एक उपनगर. तेथील क्लबच्या हिरवळीवर १८७७ पासून पुरुषांच्या व १८८४ पासून स्त्रियांच्या स्पर्धा होत आल्या आहेत. लीलाबाईंचे वय तेव्हा २२. आपल्याकडचे खेळाडू बहुतेक टणक मैदानावर खेळणारे; गवतावर चेंडू उसळतो कमी आणि सरपटतो जास्त, म्हणून पाय वाकवून खालूनच मारावे लागते. समोर ग्लॅडिस साउथवेल नावाची इंग्लिश खेळाडू होती. हवा तिची, हिरवळ तिची, लोकही तिचेच.

पहिला सेट लीलाबाई ४-६ असा हरल्या. ज्यांना या खेळाची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगतो : स्त्रियांच्या सामन्यात तीन सेटपैकी दोन जिंकावे लागतात. सहा गेम जो आधी जिंकेल त्याचा सेट, परंतु दोन गेमची आघाडी हवी. आता ६-६ झाले की टायब्रेकर नावाचा छोटा डाव खेळून निकाल लावतात. ती पद्धत विम्बल्डनवर १९७१ मध्ये आली. १९३४ मध्ये तसली सुटका नव्हती. दोन गेमची आघाडी होईपर्यंत खेळतच राहायचे. दुसरा सेट असाच लांबत गेला. सहा-सहा झाले, सात-सात झाले, आठ-आठ झाले. हा सेट गेला की परतीची बोट, एवढे त्या मुलीला ठाऊक होते. तो सेट लीलाबाईंनी १०-८ असा घेतला. त्यानंतर साउथवेलबाईंचा जोर ओसरला असावा, कारण तिसरा सेट ६-२ असा लौकर संपला.

दुसऱ्या फेरीत त्यांची गाठ इदा अदामॉफ हिच्याशी पडली. ही मॉस्कोत जन्मलेली, फ्रान्समध्ये वाढलेली खेळाडू होती. पुढे तिचा विवाह क्लोद बूर्दे यांच्याशी झाला, आणि हे बूर्दे दुसऱ्या महायुद्धात जर्मनांविरुद्धच्या गुप्त लढ्यातले एक पुढारी ठरले. तिच्यापुढे लीलाबाईंचे चालले नाही. विम्बल्डनची १९३४ ची त्यांची वाटचाल येथे संपली. पुढच्या वर्षी त्या पुन्हा गेल्या आणि पहिल्याच फेरीत हरल्या.

त्याच १९३४ च्या स्पर्धेत स्त्रियांचे अजिंक्यपद कोणाला मिळाले हे आपल्या वाचकांना कळले तर आनंद होईल. ती होती डॉरोथी राउंड, इंग्लंडमधील डडली गावच्या मेथॉडिस्ट कुटुंबातली मुलगी आणि चक्क संडेस्कूलची शिक्षिका. प्रभूच्या दिवशी ती खेळत नसे, मग स्पर्धा कितीही मोठी असो. विम्बल्डनवर त्या काळी रविवारी खेळच होत नसे, म्हणून तेथे तिची अडचण होत नव्हती. इतर देशांत मात्र रविवारचे सामने असत. अमेरिकेच्या हेलन जेकब्स हिला अंतिम सामन्यात हरवून तिने १९३४ चे पद घेतले, आणि १९३७ मध्ये दुसऱ्यांदा मिळविले. मधल्या रविवारी विम्बल्डन बंद ठेवण्याची ती रीत पावसामुळे झालेले थोडे अपवाद सोडले तर पुढे कितीतरी वर्षे टिकली. २०२२ पासून ती उरलेली नाही. डडलीची ही शिक्षिका आणि मुंबईची संस्कृत कवयित्रीची मुलगी त्या पंधरवड्यात एकाच क्लबच्या आवारात होत्या. त्यांची कधी बोलाचाली झाली काय, कोण जाणे. सामना तर झाला नाही.

मुलगी इकडे नाव मिळवीत असता आईच्या आयुष्यालाही निराळे वळण लागले होते. क्षमाबाई आधी मराठीत व इंग्रजीत लिहीत. चाळिशीत आल्यावर त्या संस्कृतकडे वळल्या. १९३० साली गांधीजींनी दांडीस मीठ उचलले. आमलीच्या माणसाला दांडी काही परकी नाही. वापीस गाडीत बसून उत्तरेला निघाले की थोड्या वेळात नवसारी येते. तेथून दांडी जवळच. बारडोलीही त्याच बाजूची. मात्र त्या दिवसांत आमलीवर पोर्तुगिजांचा अंमल होता, आणि शेजारच्या मुलखात एवढे आंदोलन पेटलेले असता ही नदी जणू दोन जगांची सीमा होती. त्या सत्याग्रहाची हकीकत क्षमाबाईंनी भगवद्गीतेसारखे अठरा अध्याय पाडून साध्या अनुष्टुभ छंदात लिहिली. ग्रंथाचे नाव सत्याग्रहगीता. विषय असा की इंग्रजी राज्यात तो छापणे धोक्याचे. म्हणून तो १९३२ साली पॅरिसमध्ये छापला गेला. मेलेली म्हणून ज्या भाषेची हेटाळणी होत असे तिच्यात चालू घडीचे राजकारण, आणि तेही एका स्त्रीने लिहिलेले!

पुढच्याच वर्षी त्यांचे कथापंचक निघाले. त्यातल्या कथा आहेत सोसणाऱ्या बायकांच्या. एक तर बालविधवेचीच आहे. पंडित मंडळींच्या सभेत देवादिकांच्या स्तोत्रांना मान असे. तेथे या बाईंनी सोवळ्यातल्या मुलीचे दुःख त्याच देवभाषेत मांडले. रमाबाईंनी जे काम घर उघडून केले त्याच्याशी हे लेखन जोडून पाहावे असे मला वाटते, जरी दोघींचे मार्ग आणि श्रद्धा वेगळ्या होत्या. पंडिता ही पदवी रमाबाईंना १८७८ साली कलकत्त्यास मिळाली. तीच पदवी पुढे क्षमाबाईंच्या नावामागेही लागली, आणि पंडिता क्षमा राव याच नावाने त्या ओळखल्या जातात. त्यांना विनोदही साधत असे. त्रावणकोरात भरलेल्या प्राच्यविद्या परिषदेस गेल्या असता वाटेत जी फजिती झाली, जे नमुने भेटले, त्यांचे वर्णन त्यांनी विचित्रपरिषद्यात्रा या छोट्या काव्यात केले आहे. मीराबाई, तुकाराम, रामदास, ज्ञानेश्वर यांच्यावरही त्यांनी काव्ये रचली. तुकारामांच्या चरित्राला हात घालताना गाथा छापणाऱ्या वडिलांची त्यांना आठवण झाली नसेल असे होणार नाही.

लीलाबाई १९३५ नंतर विम्बल्डनवर सामना जिंकल्याचे दिसत नाही, पण देशात त्यांच्या तोडीचे कोणी नव्हते. १९३१ च्या मागोमाग १९३६, १९३७, १९३८, १९४०, १९४१ आणि १९४३ अशी मिळून सात वेळा त्यांनी अखिल भारतीय अजिंक्यपद जिंकले. तारखा नीट पाहिल्या म्हणजे ध्यानात येते की, त्यांच्या खेळाचा भर आला तेव्हाच जगात महायुद्ध पेटले. १९४० ते १९४५ विम्बल्डनची स्पर्धा झालीच नाही. १९४० च्या ऑक्टोबरात तर मुख्य मैदानाच्या प्रेक्षागारावर बाँबही पडला. एका मुलीची ऐन उमेदीची वर्षे अशी गेली. याबद्दल दोष कोणाला द्यायचा? ज्या युद्धाने माणसे लाखांनी मारली त्यात टेनिस हुकले म्हणून रडणे शोभत नाही. तरी पण हुकले हे खरे.

पैशाची गोष्टही सांगून टाकतो, कारण मुले हटकून विचारतात. लीलाबाईंना या सगळ्यातून किती मिळाले? काही नाही. तेव्हा मोठ्या स्पर्धा केवळ हौशी खेळाडूंसाठी असत. पैसे घेऊन खेळणारा व्यावसायिक विम्बल्डनला चालत नसे. ते दार उघडले १९६८ साली. त्या वर्षी स्त्रियांच्या विजेतीला, बिली जीन किंग हिला, ७५० पौंड मिळाले आणि पुरुषांच्या विजेत्याला २,०००. दोघांची रक्कम समान व्हायला २००७ साल उजाडावे लागले. म्हणजे प्रवासखर्च घरचा, बोटीचे तिकीट घरचे, आणि हाती परत यायचे ते एखादा चषक आणि वर्तमानपत्रातल्या चार ओळी.

१९४३ साली लीलाबाईंचा विवाह हरीश्वर दयाल यांच्याशी झाला. ते इंडियन सिव्हिल सर्व्हिसमधील अधिकारी. यानंतर टेनिस मागे पडले, आणि येथूनच मला त्यांची खरी ओढ वाटू लागली. कारण खेळाडूंचे एक दुःख असते. तिशी उलटली की खेळ संपतो, आणि उरलेले आयुष्य लोकांना जुने किस्से सांगण्यात जाते. लीलाबाईंनी तसे काही केले नाही. दयालसाहेब स्वातंत्र्यानंतर सिक्कीममध्ये भारताचे राजकीय अधिकारी झाले. ५ डिसेंबर १९५० रोजी गंगटोक येथे भारत आणि सिक्कीम यांच्यात जो तह झाला त्यावर भारताच्या वतीने त्यांची सही आहे. मुंबईच्या समुद्राकाठी वाढलेल्या लीलाबाई हिमालयाच्या कुशीत राहू लागल्या आणि डोंगरांवर त्यांचे मन बसले. त्याचबरोबर त्यांनी नृत्याचा अभ्यास मांडला. नृत्तमंजरी हा त्यांचा ग्रंथ १९४८ साली निघाला. मणिपुरी नृत्यावरही त्यांनी पुस्तक लिहिले. हातांच्या मुद्रा, पायांच्या गती, अंगाचे तोल ही सारी त्यांत टिपलेली. ज्या बाईने वर्षानुवर्षे मैदानावर पाऊल कोठे टाकायचे याचाच विचार केला, तिला नर्तकीच्या पावलांकडे पाहायला वेगळे डोळे लागले नसतील.

आई गेली ती २२ एप्रिल १९५४ रोजी. गांधीजींच्या लढ्याची कथा तिने सत्याग्रहगीतेपाशी थांबविली नव्हती. पुढच्या लढ्याचे उत्तरसत्याग्रहगीता हे काव्य १९४८ मध्ये निघाले होते, आणि स्वराज्यविजय हा शेवटचा भाग लिहून ठेवलेला होता. तो तिच्या मागे प्रसिद्ध झाला. बापाचा अथर्ववेद जसा त्याच्या मरणानंतर छापून निघाला तसेच हे झाले. क्षमाबाईंच्या मृत्यूनंतर तीन महिने आणि काही दिवसांनी, २ ऑगस्ट १९५४ ला, आमली पोर्तुगिजांच्या ताब्यातून मुक्त झाली. ती बातमी ऐकायला त्या असत्या तर स्वराज्याच्या त्या काव्यात आमच्या गावासाठी दोन श्लोक तरी निघाले असते, असा माझा आपला एक भाबडा विचार.

आईच्या पाठीमागे तिच्या कथा कोण वाचणार? संस्कृत वाचणारे थोडे, आणि त्यांतून बायकांच्या सुखदुःखाच्या नव्या कथा वाचणारे आणखी थोडे. लीलाबाईंनी त्या कथा हाती घेतल्या आणि त्यांवरून संस्कृतात लहान लहान नाटके लिहिली. बालविधवेची कथा अशीच नाट्यरूपाने पुन्हा उभी राहिली. पुस्तक मिटलेले राहू शकते, पण नाटकाला माणसे जमवावी लागतात, पाठ करावे लागते, मोठ्याने बोलावे लागते. आईने आपल्या न आठवणाऱ्या वडिलांचे चरित्र लिहिले होते. मुलीने आपल्या आईच्या शब्दांना बोलणारी तोंडे दिली. सात अजिंक्यपदे आणि विम्बल्डनचा तो सामना एका बाजूला ठेवला तरी या कामाने माझ्या मनात लीलाबाईंची किंमत वाढते. एवढ्या नाव मिळविलेल्या मुलीला आईच्या सावलीत जाऊन बसायचे काही कारण नव्हते.

दयालसाहेब पुढे वॉशिंग्टनच्या वकिलातीत होते, व नंतर नेपाळात भारताचे राजदूत झाले. १९६४ च्या मे महिन्यात, एव्हरेस्टच्या पायथ्याकडील खुंबू भागात दौऱ्यावर असताना, त्यांचा मृत्यू झाला. ज्या पर्वतांवर या दोघांचे इतके प्रेम होते त्यांच्याच अंगावर संसार संपला. लीलाबाईंचे वय तेव्हा ५२ होते. त्यांची लेखणी त्यानंतरही थांबली नाही.

विम्बल्डनवरचा तो सामना मात्र लोक विसरले. मधल्या काळात आपल्या मुली खेळल्या नाहीत असे नाही. मुंबईच्या निरुपमा मांकड यांनी १९७१ मध्ये आनंद अमृतराजांबरोबर तेथे मिश्र दुहेरीत दुसरी फेरी गाठली. १९९८ मध्ये निरुपमा वैद्यनाथन ऑस्ट्रेलियातील मोठ्या स्पर्धेत एकेरीचा सामना जिंकली. पण विम्बल्डनच्या एकेरीत पुन्हा भारतीय स्त्री जिंकायला २००५ चा जून यावा लागला. त्या वर्षी सानिया मिर्झाने जपानच्या अकिको मोरिगामीला हरविले आणि दुसऱ्या फेरीत ती कुझनेत्सोवाकडून हरली. लीलाबाईही दुसऱ्याच फेरीत हरल्या होत्या. तेव्हा आमची मुले सानियाचे नाव घेतात यात त्यांचा अपराध काय? त्यांना दुसरे नाव कोणी सांगितलेच नव्हते.

पुढच्या रविवारी आम्ही मुलांना हे सांगितले. शिक्षिकेने फळ्यावर लीला राव हे नाव, १९३४ हे साल आणि त्याखाली तीन सेटचे आकडे लिहिले : ४-६, १०-८, ६-२. पहिल्यांदा विचारणारी ती मुलगी पुढे आली, तिने खडू घेतला आणि बेरीज केली. लीला राव २०, साउथवेल १६. मग तिने दुसऱ्या सेटच्या आकड्यांभोवती एक गोल काढला आणि शिक्षिकेला विचारले की, आठ-आठ झाल्यावर पाणी प्यायला थांबू देत होते काय?